मूडलवर गणिताची क्विझ बनवताय? या चुका टाळा

माडापासून २० मीटरवर उभं राहिलं तर शेंड्याचा उन्नत कोन ३५ अंश. माडाची उंची किती? (डोळा जमिनीला टेकवून बघितलंय असं धरा, उगाच वाद नको.) फोंड्यातल्या आमच्या वर्गाला हा प्रश्न मूडलवर (ऑनलाइन शिकवण्या-तपासण्याची प्रणाली) दिला आणि नेमकी हुशार पोरं नापास झाली. त्यांचं उत्तर १४ मीटर, मूडलचं ९.४८. "टीचर, म्हजें उत्तर बरोबर आसा," म्हणत एक मुलगी वही घेऊनच स्टाफरूममध्ये आली. तिचंच बरोबर होतं.

'कॅल्क्युलेटेड' प्रकारच्या प्रश्नात साइन, कॉस, टॅन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) चालतात. मी अंश तसेच दिले, त्याने ३५ रेडियनचा टॅन काढून मोकळा. उत्तर उणे आलं असतं तर तिथेच डोळे उघडले असते, पण साडेनऊ मीटरचा माड कुठल्याही कुळागरात उभा असतो. त्यामुळे मला संशयच आला नाही. अंशांचे रेडियन करायला वेगळं फंक्शन आहे, ते आधी लावा. त्याच सूत्रात घातासाठी टोपीचं चिन्ह (^) चालत नाही, 'पॉव' (pow) लिहावं लागतं. नुसता 'लॉग' म्हणजे नैसर्गिक लॉग. आणि वहीत आपण गुणाकाराचं चिन्ह गाळतो तसं इथे गाळायचं नाही.

याच प्रकारात महिरपी कंसातलं अक्षर म्हणजे चल, त्या जागी मूडल आकडा भरतो. पण लाटेकमध्ये, म्हणजे गणिती सूत्रं टाइप करायच्या भाषेत, अपूर्णांक लिहितानाही महिरपी कंसच लागतात. मग छेदातलं अक्षर अक्षरच ठेवायचं असलं तरी मूडल त्यालाही चल समजतो. उघडणाऱ्या कंसानंतर एक जागा सोडा, भांडण मिटतं. लाटेक जसंच्या तसं, डॉलरच्या चिन्हांसकट पडद्यावर दिसत असेल तर बहुधा तुम्ही दोन्ही बाजूंना एकेकच डॉलर घातलाय. ओळीतल्या सूत्राला \( आणि \) वापरा.

'न्यूमेरिकल' प्रश्नात 'एरर'चा (किती फरक चालेल त्याचा) रकाना शून्यावर सोडला की १० भागिले ३ ला ३.३३ लिहिणाऱ्याला भोपळा, कारण तुम्ही साठवलंय ३.३३३३. दोन दशांश स्थळं हवी असतील तर तसं प्रश्नात लिहा आणि रकान्यात ०.००५ भरा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवणाऱ्यांना आधीच सांगा, की देवनागरी आकडे मूडलला आकडे वाटतच नाहीत. हजार-लाखाचे स्वल्पविरामही नकोत.

बीजगणिताला 'शॉर्ट आन्सर' वापरणं ही मात्र मला सगळ्यात महागात पडलेली हौस. हा प्रकार गणित करत नाही, अक्षरं जुळवतो. दोन कंसांचा गुणाकार उलट क्रमाने लिहिला की चूक! वर त्यात तारा (*) हे 'मध्ये काहीही चालेल' याचं चिन्ह आहे. मी बरोबर उत्तर म्हणून दोन, तारा, एक्स असं भरलं होतं. कुणी दोन अधिक एक्स लिहिलं, त्यालाही पूर्ण गुण! खरा तारा हवा तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते. बैजिक उत्तरं तपासायचीच असतील तर 'स्टॅक' हा प्रश्नप्रकार घ्या. क्रिस सँगविन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प उत्तर 'मॅक्सिमा' या बीजगणित प्रणालीकडे पाठवतो, त्यामुळे क्रम बदलला तरी अडत नाही. फक्त तो वेगळा बसवावा लागतो, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याशी गोड बोलणं आलं.

प्रिव्ह्यूमध्ये आपण सगळे बरोबर उत्तर टाकून समाधानाने उठतो. चुकीची टाका. एकक लावून टाका, अपूर्णांकात टाका. तरीही चूक वर्गासमोर गेलीच, तर प्रश्न दुरुस्त करून निकालांच्या पानावर 'रीग्रेड' दाबायला विसरू नका; नुसत्या दुरुस्तीने आधीचे गुण हलत नाहीत.

आणि जुलैत क्विझ ठेवलीत तर वीज जाणार हे धरून चाला. मूळ सेटिंग बदललं नसेल तर मूडल दर मिनिटाला उत्तरं आपोआप साठवतो, पण वेळेचं घड्याळ थांबत नाही. सगळ्यांची वेळ वाढवू नका. ज्याच्या वाड्यावर अंधार झाला त्याच्यापुरतं 'यूजर ओव्हरराइड' द्या, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.