सोन्याच्या थेंबातून सिलिकॉनच्या नॅनोतारा वाढवताना

सिलिकॉनच्या नॅनोतारा, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या अतिबारीक तारा, वाढवायला शिकणाऱ्याचे सारे लक्ष भट्टीच्या तापमानाकडे असते. परंतु तारेची जाडी आणि दिशा बऱ्याच अंशी नमुना भट्टीत जाण्यापूर्वीच ठरलेली असते. वॅग्नर आणि एलिस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडलेल्या बाष्प-द्रव-घन पद्धतीत वायूतून सुटलेले सिलिकॉन सोन्याच्या थेंबात विरघळते, आणि थेंब अतिसंपृक्त झाला, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त सिलिकॉन विरघळले, की जास्तीचे सिलिकॉन त्याच्या तळाशी स्फटिकरूपाने साचत जाऊन थेंबाला वर उचलते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळत असले, तरी सुमारे १९ टक्के सिलिकॉन अणू असलेले मिश्रण ३६३ अंशांनाच द्रवरूप होते, आणि ही पद्धत उभी आहे ती या गुणावर.

उभ्या तारा हव्या असतील तर १११ पृष्ठाचा वेफर (स्फटिकाच्या १११ या प्रतलाला समांतर कापलेली सिलिकॉनची पातळ चकती) निवडावा. तो अ‍ॅसिटोन व आयसोप्रोपॅनॉलने धुऊन, विरल हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्यावरील ऑक्साइड काढावे. ऑक्साइड उरले तर तारा वाटेल त्या दिशेने तिरप्या वाढतात. हे आम्ल काच खाते, म्हणून भांडी प्लास्टिकची असावीत. त्वचेवर पडल्यास वेदना उशिरा जाणवते, तोवर इजा खोल गेलेली असते. म्हणून फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), योग्य हातमोजे घालून, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवून आणि सोबत कोणी असतानाच काम करावे.

सोन्याचा एक-दोन नॅनोमीटर जाडीचा थर तापवल्यावर फुटून थेंब होतात, पण लहानमोठे. एकसारख्या तारांसाठी ठरावीक आकाराच्या सोन्याच्या कणांचे कलॉइड (कण द्रवात तरंगत असलेले मिश्रण) वापरावे. कण चिकटावेत म्हणून पॉलिलायसिन या बहुवारिकाचा लेप देता येतो, मात्र नंतर तो ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युत्भारित ऑक्सिजन वायूने) जाळताना ऑक्साइड पुन्हा तयार होते. त्यापेक्षा कलॉइडमध्येच किंचित हायड्रोफ्लोरिक आम्ल मिसळणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्याने कणही बसतात आणि पृष्ठभागही स्वच्छ राहतो.

नमुना विनाविलंब निर्वात भट्टीत ठेवून, हायड्रोजनच्या प्रवाहात ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवावा आणि मग सायलेन हा सिलिकॉन व हायड्रोजन यांचा संयुग वायू सोडावा. हा वायू हवेत आपोआप पेट घेतो. गळतीसूचक आणि निष्कास वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा नसेल, तर हा प्रयोग करूच नये. तापमान जास्त झाले की सायलेन थेंबाची वाट न पाहता तारेच्या बाजूंवरही विघटित होतो आणि तार बुडाशी जाड, टोकाशी निमुळती होते. थोडा हायड्रोजन क्लोराइड सोडल्यास हे आटोक्यात येते.

टोकावरचे सोने आयोडीन व पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाने काढता येते, पण तारेत शिरलेले अणू तसेच राहतात आणि विद्युत्भार वाहकांचे आयुष्य घटवतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी म्हणूनच सोन्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा विचार होतो. त्याचे सिलिकॉनशी मिश्रण ५७७ अंशांना वितळते. मात्र हवा लागताच त्यावर ऑक्साइड चढते, म्हणून थर देण्यापासून वाढ पूर्ण होईपर्यंत निर्वात अवस्था मोडू देऊ नये.