समोरच्या टीमचं स्काउटिंग (मॅचआधी तिच्या खेळाचा अभ्यास) करताना या चुका टाळा

8 एप्रिल 2024, ॲरिझोनातलं ग्लेन्डेल, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल. पर्ड्यू विद्यापीठाच्या 7 फूट 4 इंच उंच झॅक ईडीने 37 पॉइंट केले आणि पर्ड्यू 60-75 अशी यूकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठ) हरली. यूकॉनच्या ज्या पाठीराख्याने मॅचआधी ‘ईडीला थांबवा’ एवढंच टिपून ठेवलं होतं, त्याची टीम जिंकली, पण त्याचं स्काउटिंग सपशेल फसलं होतं. ईडी थांबलाच नाही. थांबले ते त्याच्या भोवतीचे शूटर, म्हणजे लांबून शॉट मारणारे. त्या मोसमात पर्ड्यूचे 40 टक्क्यांच्या आसपास थ्री (रेषेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) पडत होते, फायनलमध्ये मात्र त्यांना जेमतेम 7 मारता आले आणि त्यातला 1 पडला.

‘त्यांचा चांगला प्लेअर कोण’ हे कुणीही सांगेल. या टीमला कोणता शॉट हवा असतो आणि तो शॉट त्यांना कोण मिळवून देतं, याचं उत्तर शोधायचं असतं. बहुतेक चुका हा प्रश्न सोडून दिल्यामुळे होतात.

गेल्या वर्षीची वही पुढे वापरणं

याच पर्ड्यूला मार्च 2023 मध्ये सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने 63-58 असं घरी पाठवलं. फेअरली डिकिन्सनचा डाव यूकॉनच्या अगदी उलटा होता. ईडीभोवती पुढून-मागून गर्दी करायची आणि बाहेरच्यांना मोकळं सोडायचं. पर्ड्यूने 26 थ्री मारले, 5 पडले. त्या वर्षी त्यांचे शूटर तसेही बेताचे होते, म्हणून हे जमलं. वर्षभरात तेच शूटर सुधारले, सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आला, आणि जुना डाव पुन्हा खेळणाऱ्या टीमने मारच खाल्ला असता. ईडी तोच, जर्सी तीच, उत्तर मात्र उलटं.

आता तर बदल आणखी वेगाने होतात. 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे अर्धी टीम एका उन्हाळ्यात बदलते. आधी रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडा, कोण नवीन आलंय ते पाहा, आणि तो आधीच्या कॉलेजात किती मिनिटं व कोणत्या दर्जाच्या टीमांविरुद्ध खेळत होता ते बघा. छोट्या कॉन्फरन्समधले (कॉलेजांच्या गटातले) 18 पॉइंट मोठ्या कॉन्फरन्समध्ये 18 राहतीलच असं नाही.

‘ते 82 पॉइंट करतात’

हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. कोच टोनी बेनेटच्या व्हर्जिनियाने 2019 मध्ये विजेतेपद घेतलं तेव्हा ती देशातल्या सगळ्यात संथ टीमांपैकी एक होती. पॉइंट कमी दिसायचे, पण दर पझेशनमागे (बॉल हातात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतची एक पाळी) त्यांचा हल्ला पहिल्या काही टीमांत होता. क्रिकेटमध्ये षटकं न विचारता कोणी धावसंख्येवर बोलत नाही, इथेही तेच.

पझेशन काढणं सोपं आहे. बॉक्स स्कोअरमधले (मॅचच्या आकडेवारीच्या तक्त्यातले) शॉट घ्या, त्यातून आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा करा, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले बॉल) मिळवा आणि फ्री थ्रोंची 0.475 पट मिळवा. समजा 58 शॉट, 9 रिबाउंड, 12 टर्नओव्हर, 20 फ्री थ्रो: 58 − 9 + 12 + 9.5, म्हणजे 70.5. पॉइंट 76 असतील तर दर पझेशनला 1.08. हे शेवटच्या पाच मॅचचं काढा. नोव्हेंबरमधल्या मॅच शक्यतो वगळा, कारण मोठ्या टीमा तेव्हा घरच्या मैदानावर पैसे देऊन दुबळ्या टीमा बोलावतात आणि सगळ्यांचे आकडे फुगतात. जानेवारीपासूनच्या कॉन्फरन्स मॅच खऱ्या.

चार मॅचचा थ्री

‘तो सध्या 50 टक्क्यांनी मारतोय’. किती शॉट? 16 पैकी 8. मुळात 34 टक्क्यांचा शूटरसुद्धा निव्वळ योगायोगाने सहा-सात वेळांत एकदा एवढे टाकून जातो. निदान शंभरेक शॉटचा आकडा हवा, आणि तो नसेल तर फ्री थ्रो बघा. 85 टक्के फ्री थ्रो टाकणाऱ्याचा थ्री सध्या पडत नसला तरी त्याला मोकळं सोडू नये. 58 टक्केवाल्याचे लागोपाठ तीन पडले तरी घाबरू नये.

बचावाचंही तसंच. ‘त्यांच्याविरुद्ध थ्री पडतच नाहीत’ यात नशिबाचा वाटा मोठा. ते समोरच्याला किती थ्री मारू देतात, हा आकडा जास्त भरवशाचा.

बॉलच्या मागे डोळे

टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो, म्हणून आपणही धावतो. नोंद करायची असेल तर एक खेळाडू निवडा आणि सलग दहा पझेशन फक्त त्यालाच बघा. पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून डाव रचणारा) डावीकडे शिरला की काय करतो? डाव्या हाताने रिंगपर्यंत जातो, की दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट मारतो? उजव्या हाताचे बरेच गार्ड डावीकडे गेले की थांबतात. दहापैकी आठदा थांबत असेल तर लिहून ठेवा.

मग त्यांच्या सेंटरचे (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचे) पाय बघा. पिक अँड रोलच्या वेळी (आक्रमणातला साथीदार गार्डच्या बचावपटूची वाट अडवून मग रिंगकडे वळतो तेव्हा) तो फ्री थ्रो लाइनच्या मागेच राहिला तर तो रिंग राखतोय, म्हणजे गार्डला मधल्या अंतरावरचा शॉट मोकळा मिळणार. तो थ्रीच्या रेषेबाहेर धावून आला तर त्याच्या पाठीमागची जागा रिकामी, आणि पहिला पास तिथे गेला पाहिजे. एक जिंकलेली, एक हरलेली आणि एक बाहेरगावची मॅच एवढं पाहिलं की हे दिसायला लागतं. हायलाइट्समध्ये हे कधीच दिसत नाही, तिथे सगळेच प्लेअर देव असतात.

फाऊल न मोजणं

कॉलेजात पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर, एनबीएसारखे सहा नाहीत. पुरुषांच्या मॅचमध्ये पहिल्या 20 मिनिटांतच दोन फाऊल झाले तर बहुतेक कोच त्याला बसवून टाकतात. म्हणून ‘40 मिनिटांमागे किती फाऊल’ हे काढा. सहा येत असतील तर 25 मिनिटांत तो चारच्या जवळ जाणार. अशा सेंटरवर सुरुवातीपासून ड्राइव्ह करणं (बॉल घेऊन थेट रिंगकडे घुसणं) हा डाव असू शकतो, आणि त्याच्या जागी कोण येतो हे तुम्हाला आधीच माहीत हवं.

उंचीच्या आकड्यांवर मात्र वेळ घालवू नका, कॉलेजच्या यादीत इंच-दीड इंच सढळ हाताने दिलेला असतो.

स्टॅण्डमध्ये बसल्यावर

फ्री थ्रोच्या वेळी ओरडायचं तर कोणासमोर हेही ठरवा. 88 टक्केवाल्यासमोर घसा फोडण्यात अर्थ नाही, 60 टक्केवाल्यासाठी तो राखा. ओरडण्याचा खरा उपयोग पाहुणी टीम शॉट क्लॉकच्या 30 सेकंदांत (शॉट मारायला मिळणाऱ्या वेळेत) डाव सांगू बघते तेव्हा, कारण गोंगाटात हाक ऐकू येत नाही. खेळाडूचं घर, मैत्रीण, समाजमाध्यमावरचं खातं हे खणणं म्हणजे स्काउटिंग नव्हे. तो एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी आहे, टोमणा त्याच्या डाव्या हातावर मारा.

कागद एकच पान ठेवा. सात-आठ नावं, प्रत्येकापुढे चार गोष्टी: कोणता हात, कुठला शॉट आवडतो, काय करायचं टाळतो, फाऊल किती. हाफटाइमला पेन्सिलने खुणा करा. तीनपेक्षा जास्त नावांपुढे चूक आली तर बहुधा तुम्ही चुकीच्या मॅच पाहिल्या आहेत.