स्वतःच्या कानावरून कानाची रचना कशी समजून घ्यावी

कानाची आकृती शाळेत जवळजवळ सर्वांनीच काढलेली असते, पण त्या आकृतीतला कोणता भाग आपल्या डोक्यात नेमका कुठे आहे, असे विचारले तर बहुतेकांचे बोट कानाच्या पाळीवर जाऊन थांबते. ऐकण्याचे मुख्य काम त्याहून बरेच आत, कवटीच्या हाडात चालते. ते समजून घेण्यासाठी शांत खोली, एक पुस्तक आणि आपली बोटे एवढे पुरते. अट एकच: कानात काहीही घालायचे नाही. कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा चक्कर येत असेल, तर हे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवात बाह्यकर्णापासून करावी. पाळी चिमटीत धरून बोटे हळूहळू वर न्यावीत. पाळी मऊ लागते आणि तिच्या वर लवचिक कूर्चा सुरू होते. या कूर्चेच्या घड्यांवर आदळून आवाजात दिशेनुसार सूक्ष्म फरक पडतो आणि आवाज वरून आला की खालून, हे मेंदूला त्यावरून कळते. डावी-उजवी बाजू कळते ती दोन कानांमुळे. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोहोचायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशीर होतो, पण मेंदूला तेवढा पुरतो.

आता कानाच्या भोकासमोरच्या टणक उंचवट्याच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जबड्याचे हाड सरकताना जाणवते आणि कानाची नळी त्याच्या अगदी मागून जाते, म्हणूनच जबड्याचे दुखणे पुष्कळदा कानाचे वाटते. ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तर आतला हाडाचा असतो. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या भागात, आणि नळीची त्वचा अत्यंत संथपणे बाहेरच्या दिशेने सरकत त्याला स्वतःहून बाहेर आणते. कापसाची काडी ही सारी व्यवस्था उलटी फिरवते, कारण काठावरचा मळ ती हाडाच्या भागात ढकलते आणि तिथून तो सहज परतत नाही. काडीला मळ लागलेला दिसला म्हणजे कान साफ झाला, हा समज मनापासून सोडून द्यावा.

पुढचा टप्पा मध्यकर्णाचा. नाक चिमटीत धरून एकदा आवंढा गिळावा. कान किंचित दडे बसल्यासारखे होतात. नाक सोडून पुन्हा गिळले की ते मोकळे होतात. घशाच्या वरच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी युस्टेशियन नलिका गिळताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा करते. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, लांबीला जेमतेम ३ मिलिमीटर. या साखळीची गरज काय? अंतर्कर्णात द्रव असतो, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर बहुतांश परत फिरतो. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठे असल्याने मोठ्या पृष्ठभागावरचा जोर लहान जागेवर एकवटतो आणि दाब कितीतरी वाढतो. कानाच्या साऱ्या रचनेत मला हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

मग ओठ मिटून एका सुरात ‘म्’ असा आवाज काढत राहावे आणि समोरचा उंचवटा बोटाने दाबून एका कानाचे भोक बंद करावे. आवाज कमी होण्याऐवजी त्या बंद कानातच मोठा ऐकू येतो. कवटीच्या हाडांतून आलेली कंपने नळीतून बाहेर निसटतात. वाट बंद झाली की ती आत अडकतात. ती पोहोचतात शंखासारख्या, सुमारे अडीच वेढ्यांच्या कर्णावर्तात. तिथल्या केसपेशी कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करतात. कर्णावर्ताच्या तळाशी उंच सूर आणि टोकाशी खालचे सूर टिपले जातात. माणसात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शेवटी पुस्तक हातात घ्यावे. ते स्थिर धरून मान झपझप डावी-उजवीकडे हलवली, तरी अक्षरे वाचता येतात. मान स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवले, तर ती पुसट होतात. कर्णावर्ताला लागूनच परस्परांना जवळजवळ काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. मान वळताच त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळणाचा वेग कळतो आणि तो डोळ्यांना तेवढेच उलट दिशेला फिरवतो. पुस्तक हलते तेव्हा या नलिकांपर्यंत काहीच पोहोचत नाही.