रूट फाइलसिस्टिम बांधायला बसण्याआधी

रूट फाइलसिस्टिम म्हणजे बोर्डावरच्या लिनक्सच्या सगळ्या फाइलींचा संच, आणि बोर्ड म्हणजे एका पट्टीवरचा छोटा कॉम्प्युटर, माझा बीगलबोन ब्लॅक. आधी कोरा कागद घ्या आणि बोर्डाने काय काय करायचं ते लिहून काढा. माझ्या कागदावर तीनच ओळी होत्या. भांडुपच्या एका सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजायची, पंप चालू-बंद करायचा, दिवसभराची नोंद नेटवरून पाठवायची. या तीन ओळींत न बसणारं एकही पॅकेज आत घेऊ नका. बिल्डरूटचा, म्हणजे ही सिस्टिम बांधून देणाऱ्या साधनाचा, मेनू उघडला की हात शिवशिवतात, पण आज घेतलेलं प्रत्येक जादा पॅकेज उद्या तुम्हालाच अपडेट करत बसावं लागतं.

कागदाच्या मागच्या बाजूला लिहा, यंत्र कुठे राहणार आणि तिथली वीज कोण, कशी बंद करतं. ही बाजू मी पहिल्या वेळी कोरी सोडली होती. आमच्या पंपरूमचे वॉचमनकाका पंप बंद करायचा म्हणजे सरळ मेन स्विच खाली ओढायचे, वर्षानुवर्षांची सवय. मी अख्खी रूट फाइलसिस्टिम ईएक्सटी-फोरवर (लिनक्सची फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत), हवं तिथे लिहिता येईल अशी ठेवली होती. दुसऱ्याच आठवड्यात सेटिंगची फाइल शून्य बाइटची झाली आणि सकाळी पंप सुरूच झाला नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजी कळशी घेऊन खाली आल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. म्हणून हा निर्णय इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची तयार सिस्टिम, बांधण्याआधीच घ्या. रूट स्क्वॅशएफएस या दाबून साठवलेल्या प्रकारात, फक्त वाचण्यापुरती. तात्पुरत्या फाइली रॅममध्ये. सेटिंग आणि नोंदींसाठी वेगळं छोटं ईएक्सटी-फोर पार्टिशन. सेटिंग बदलताना आधी नव्या नावाने फाइल लिहायची, एफसिंक करायचं (म्हणजे ती खरोखर साठवणीवर उतरवायची), आणि मग रिनेम करून जुन्या फाइलच्या जागी आणायची. बोर्डावर ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप) किंवा एसडी कार्ड नसून कच्ची, कंट्रोलर नसलेली नँड फ्लॅश असेल तर ईएक्सटी-फोर चालत नाही, तिच्यासाठीची यूबीआयएफएस फाइलसिस्टिम लागते.

आता खरेदी. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची, लॅमिंग्टन रोडची फेरी रविवारी ठेवू नका, बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलात की चालत काही मिनिटं. बोर्डाचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे ना, हे विचारून घ्या. ५ व्होल्टचा सिग्नल बीगलबोन ब्लॅकच्या पिनवर गेला तर चिप जळू शकते. दोन चांगली एसडी कार्डं आणि ५ व्होल्ट २ अँपियरचा भरवशाचा अडॅप्टर घ्या. या बोर्डाच्या सहा पिनांच्या सिरियल हेडरवर पहिली पिन ग्राउंड, चौथी आरएक्स (येणारा सिग्नल), पाचवी टीएक्स (जाणारा). मॉड्यूलची टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला जोडायची, वेग १,१५,२०० बॉड. कार्डाजवळचं बटण दाबून धरा आणि मगच वीज द्या, नाहीतर ईएमएमसीवरची जुनी सिस्टिम सुरू होते आणि आपण भलतीच इमेज तपासत बसतो.

कॉम्प्युटरवर लिनक्स हवं. बिल्डरूटला पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवा, त्याऐवजी योक्टो हे मोठं साधन वापरणार असाल तर शंभरच्या वर. झोपण्याआधी 'मेक सोर्स' लावून द्या, म्हणजे सगळे सोर्स रात्रीत उतरतात आणि दुसऱ्या दिवशी नेट गेलं तरी बिल्ड अडत नाही. बिल्डरूटची ०२ ने संपणारी, म्हणजे फेब्रुवारीची आवृत्ती घ्या, ती जास्त काळ सांभाळली जाते.

सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती सी लायब्ररी कोणती, जीलिबसी की मसल, हे सुरुवातीलाच ठरवा आणि स्वतःचा प्रोग्रॅमही त्याच टूलचेनने, म्हणजे त्याच कंपायलर-संचाने, बांधा. यात सरमिसळ झाली तर बोर्डावर एक विचित्र अनुभव येतो. फाइल समोर दिसते, परवानगी बरोबर असते, तरी शेल म्हणतो 'नॉट फाउंड'. सापडत नसतो तो त्या फाइलमध्ये नोंदवलेला डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या लायब्ररी जोडून देणारा. रीडएल्फ या कमांडने प्रोग्रॅमचे हेडर बघा, इंटरप्रिटर म्हणून लिहिलेली फाइल बोर्डाच्या लिब फोल्डरमध्ये आहे का तपासा.

आउटपुटमधलं टार्गेट फोल्डर जसंच्या तसं कार्डावर कॉपी करू नका. 'ही तुमची रूट फाइलसिस्टिम नव्हे' अशा अर्थाच्या नावाची फाइल बिल्डरूटने मुद्दाम त्यात ठेवलेली असते, कारण तिथली फाइलींची मालकी आणि डिव्हाइस नोड (हार्डवेअरसाठीच्या खास फाइली) बरोबर नसतात. इमेजेस फोल्डरमधली तयार इमेज घ्या. स्वतःच्या फाइली ओव्हरले फोल्डरमध्ये ठेवा, त्या इमेजमध्ये वरून मिसळल्या जातात, आणि ते फोल्डर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये टाका. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) डिव्हाइस नोड आपोआप बनवणारी डेव्हटीएमपीएफएस आपोआप माउंट होईल असं बघा. सिरियल पोर्टचं नाव जुन्या कर्नलवर टीटीवाय-ओ-शून्य असतं, नव्यावर टीटीवाय-एस-शून्य. बूटच्या ओळीत आणि सुरुवातीला काय चालवायचं ते सांगणाऱ्या इनिटटॅब फाइलमध्ये ते चुकलं तर सगळं नीट चालू असूनही लॉगिन दिसत नाही.

घड्याळ विसरू नका. बॅटरी नसलेला बोर्ड १९७० सालात जागा होऊ शकतो, आणि मग सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला अजून लागू न झालेलं वाटतं. नेटवरून वेळ आणणारं एनटीपी घ्या, टाइमझोनही घ्या. माझ्या नोंदींत पाणी रात्री साडेअकराला आलेलं दिसायचं. यायचं पहाटे पाचला. साडेपाच तासांचा फरक, आशिया/कोलकाता लावायचं राहिलं होतं.

दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या किल्ल्या इमेजमध्ये भाजून टाकू नका, सगळ्या बोर्डांवर एकच किल्ली जाते. पहिल्या बूटला त्या डेटा पार्टिशनवर तयार होऊ द्या. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड रिकामा ठेवू नका.

नेऊन बसवण्याच्या आदल्या दिवशी बोर्ड घरच्या टेबलावर चालू करा आणि नोंदी लिहिल्या जात असताना प्लग खेचा. पुन्हा लावा, पुन्हा खेचा. मी पन्नास वेळा करतो. दर वेळी लॉगिनपर्यंत येतो का आणि शेवटची नोंद वाचता येते का, ते पाहतो. मग पिशवीत दुसरं कार्ड, सिरियल केबल आणि टॉर्च टाका. वॉचमनकाकांना निघण्याआधी फोन करा, पंपरूमची किल्ली त्यांच्याकडेच असते.