मुलांना आणि आजीला घेऊन टेकडीवर, तळ्यावर जाण्याआधी

आधी कोण कोण येणार ते ठरवा, जागा मग ठरेल. आमच्याकडे चार वर्षांचा धाकटा, नऊ वर्षांची मोठी, आम्ही दोघं आणि सासूबाई असे पाच जण निघतो, आणि कुठे जायचं ते धाकट्याचे पाय आणि सासूबाईंचे गुडघे ठरवतात. पुण्यात राहणाऱ्यांचं नशीब असं, की दोन्हींना झेपेल अशी जागा घरापासून फार लांब नसते.

गुडघे कुरकुरत असतील त्या रविवारी एम्प्रेस गार्डन. वाट सपाट, झाडं जुनी, सावली दाट. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे फुलांचं प्रदर्शन असतं तेव्हा गर्दी होते. फुलं बघायची असतील तर जरूर जा, निवांत चालायचं असेल तर ते दिवस सोडून जा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. आत कात्रजचं तळं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उतारावर, पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं होतं. मोठीला हे कळल्यापासून तळ्याकाठी उभं राहिलं की शनिवारवाडा कुठल्या अंगाला, हा तिचा पहिला प्रश्न असतो. मुलांना घेऊन जाण्याआधी त्या जागेची अशी एक तरी गोष्ट माहीत करून घ्या. ती सॅकमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सगळ्यांच्या अंगात जोर असेल तर वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर असलेला तिचा माथा ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. लॉ कॉलेजच्या बाजूनं गेलात तर चढ लागतो. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूनं गाडीरस्ता वर जातो, त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर ती बाजू बरी. फाटकाच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी कुणा नेहमीच्या चालणाऱ्याला विचारून घ्या. वर स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. घरातून निघताना सगळ्यांनी, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा, जाऊन यायचं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं आम्ही सोडून दिलं. धाकटा एका मुंग्यांच्या रांगेपाशी वीस मिनिटं बसतो आणि त्याला तिथून उठवावंसं वाटत नाही. म्हणून परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. त्या वेळी वेताळाचं देऊळ समोर दिसत असलं तरी मागे वळायचं. मूल पूर्ण दमायच्या आत परतीला लागलं, तर पुढच्या रविवारी ते आपण होऊन बूट घालतं.

हिवाळ्यात साडेसहा-सातला पायथ्याशी असा, उन्हाळ्यात त्याहून लवकर आणि नऊच्या आत खाली. मार्चनंतर टेकडीवर झाडांना पानं कमी, सावली आणखी कमी. पण पळस आणि पांगारा फुललेले असतात त्या दिवसांत एकदा तरी मुलांना नेलंच पाहिजे, टोप्या घालून, माणशी लिटरभर पाणी घेऊन. गवत वाळलेलं असतं, ठिणगी पडायचा अवकाश की वणवा पेटतो. म्हणून काडेपेटी, लायटर घरी ठेवा, आणि दुरून धूर दिसला तर मुलांना घेऊन लगेच खाली उतरा, मग १०१ला फोन करा.

आता कपडे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही धाकट्याला लोकरीचे छान जाड पायमोजे घालून नेलं होतं. पाऊस संपून गवत वाळलं की त्याची कुसळं सुटतात, आणि ती अशा पायमोज्यांत शिरतात ती आतच सरकत जातात. पंधराव्या मिनिटाला तो रडायला लागला. काय होतंय ते त्याला सांगता येईना, आम्हाला बाहेरून काही दिसेना. कडेवर घेऊन उतरलो. घरी पायमोजे काढले तर घोट्याभोवती लाल ठिपके. तेव्हापासून ऑक्टोबर ते फेब्रुवारी नियम असा: गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट, तिच्या आत पातळ पायमोजे, एक कोरडा जोड सॅकमध्ये, आणि बारीक चिमटा. बुटांचे तळ आदल्या रात्री वाकवून बघा. उतरताना सुट्या मुरमावरून पाय सटकतो, तिथे झिजलेला तळ कामाचा नाही. सासूबाईंची काठी खाली रबर असलेलीच हवी.

काय तोंडात घालायचं नाही, हे मुलांना घरी, पोटभर खाऊन झाल्यावर, शांतपणे सांगा. टेकडीवर ओरडून सांगितलेलं कुणी ऐकत नाही. गुंज लाल-काळी, इतकी देखणी की खिशात जातेच. ती चावली तर जिवावर बेतू शकतं. घाणेरीची हिरवी फळं नकोत. टेकडीवर जागोजाग असलेल्या गिरिपुष्पाला उंदीरमारी असंही नाव आहे, ते नाव ऐकूनच मोठीनं त्याच्या शेंगा सोडल्या. खाजकुइलीच्या मखमली शेंगांना हात लागलाच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे लव निघून येते, मग साबणानं धुवा. चिकटपट्टीचं छोटं रीळ म्हणूनच आमच्या सॅकमध्ये कायम असतं.

पाण्याकाठी जायची तयारी वेगळी. पाषाण तलावाला दुर्बीण हवीच, साधी चालेल, पण मुलांच्या पाळ्या ठरवून ठेवा. पिवळ्या टोकाची चोच आणि तिच्या बुडाशी लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू बदक. हे नाव एकदा सांगितलं की चार वर्षांचं मूलही ते बदक ओळखतं. जलपर्णीवर लांब बोटं टाकत फिरणारी जांभळी पाणकोंबडी, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, खंड्या, एवढे चार सापडले तरी सकाळ सार्थकी लागली. भडक कपडे नकोत, आणि डासांचं मलम घरूनच लावून निघा.

वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठलेलं असतं. काठ तुटका, पाणी किती खोल ते वरून कळत नाही. खडकवासल्याच्या काठाला गाळ असतो आणि पोहता येणारी माणसंही तिथे फसतात. दोन्हीकडे आमचा एकच नियम आहे: एका मोठ्या माणसाचा एक हात एका मुलाच्या हातात, आणि त्या माणसानं फोन काढायचा नाही. फोटो दुसऱ्यानं काढावा किंवा राहू द्यावा. पावसाळ्यात नदीपात्रात उतरायचं नाव काढू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातला रस्ताही जातो. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये बातम्यांत येतो. तो वाढत असेल तर नदी पुलाच्या कठड्यामागूनच दाखवा.

खाण्याचं फार करू नका. गूळ-शेंगदाणे, पोळीचा लाडू, केळी, काकडीचे तुकडे मीठ लावून. दशम्या केल्यात तर उत्तम, हात माखत नाहीत. पाकीटबंद खाऊ आम्ही नेत नाही, कारण कागद वाऱ्यानं उडतो आणि झुडपात अडकलेला काढायला कुणी जात नाही. डबा बसल्या जागी उघडा, चालताना नको, भटकी कुत्री मागे लागतात. रिकामी पिशवी एक, कचऱ्यासाठी. केळ्याची सालंही तिच्यातच.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. वेताळ टेकडीवर पायवाटांचं जाळं आहे आणि फाट्यावर मुलं हमखास पुढे पळतात. आमचं ठरलंय: फाटा आला की थांबायचं, आणि कुणी दिसेनासं झालं तर जागा न सोडता तीनदा शिट्टी. घरच्या गल्लीत दोनदा सराव करून घ्या. आग्या मोहोळाच्या जवळ मात्र शिट्टी नाही, दगड नाही, आणि त्या दिवशी अत्तर-सेंट कुणीच लावू नये.

औषधात बँडेज, जंतुनाशक, ओआरएसची दोन पाकिटं, सासूबाईंची दुपारची गोळी. सापांपैकी घोणस टेकडीवर असते, म्हणून गवतात आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, वाटेवर पाय आपटत चालायचं. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. माणसाला आडवं करा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. सगळ्यात जवळचं असं रुग्णालय कुठलं, ते निघायच्या आधीच माहीत असू द्या.

घरी आल्यावर बूट दाराबाहेर झटका, मुलांचे घोटे, गुडघ्यामागची जागा आणि कानामागे नीट बघा. आणि पायमोजे मशीनमध्ये टाकायच्या आधी उलटे करून एकेक कुसळ वेचा, नाहीतर ती टॉवेलांत जातात आणि गुरुवारी कुणाच्या तरी पाठीला टोचतात.