बोटं दुखतात? मग बोलून टाईप करा

मोबाईलवर टाईप करताना सगळा भार येतो अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर, आणि हाताला ऑस्टिओआर्थरायटिस (म्हणजे सांध्यांची झीज) असेल तर बऱ्याचदा तोच सांधा दुखत असतो. रुमॅटॉइड म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, तो असलेल्यांची बोटांची पेरं आणि मनगट सुजतात, सकाळी तर तासभर किंवा जास्तच हात आखडलेले असतात. माझ्या आईला रुमॅटॉइड आहे. तिने ग्रुपवर नुसते अंगठे पाठवायला सुरुवात केली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण बोलायची हौस तिला आधीपासूनच. आता ती लांबलचक मेसेज बोलून लिहिते. सेटिंग एकदाच करायचं असतं, ते घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, तिथे स्वतःची बोटं शिणवू नका.

आधी अँड्रॉइड फोनचं सांगते. प्ले स्टोअरवरून जीबोर्ड म्हणजे गुगलचा कीबोर्ड घ्या (काही फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा कीबोर्ड असतो, तो बदलावा लागतो). त्याच्या सेटिंगमध्ये भाषांमध्ये मराठी जोडा, देवनागरीवाली, आणि व्हॉइस टायपिंगमध्ये जाऊन तिथेही मराठी निवडलीय ना ते बघा. मराठीत बोलून टाईप करायची सोय गुगलने 2017 मध्येच आणलीय, पण खूप जणांना अजून माहीतच नाही.

मग व्हॉट्सॲप उघडा, लिहायच्या जागेवर टॅप करा आणि कीबोर्डवरचा माईक दाबा. इथे गोंधळ होतो बरं का, व्हॉट्सॲपचा स्वतःचा गोल माईक वेगळा, त्याने आवाजच रेकॉर्ड होऊन जातो. अक्षरं हवी असतील तर कीबोर्डचाच माईक.

फोन हातात धरून बोलू नका. टेबलावर स्टँडला लावा, कारण फोन पकडून ठेवणं हेही मनगटाला टाईप करण्याइतकंच जड जातं, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही.

बोलताना एकेक शब्द तोडून बोलू नका, पूर्ण वाक्य नेहमीच्या वेगात बोला, पुढचे-मागचे शब्द मिळाले की त्याला जास्त नीट कळतं. पंखा, टीव्ही, कुकरची शिट्टी, हे सगळं बंद असलेलं बरं. पूर्णविराम, स्वल्पविराम मराठीत बोलून येतीलच असं नाही, ते नंतर हाताने टाका. ळ चा ल होतो, आडनावं हमखास चुकतात, पण घरच्यांना पाठवायचं असेल तर प्रत्येक चूक दुरुस्त करत बसू नका, वाचणाऱ्याला कळतंच. औषधाचं नाव आणि डोस मात्र पाठवण्याआधी डोळ्यांनी तपासा. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घेतात, तिथे "रोज" असं उमटलं तर फार महागात पडेल.

मोठं लिखाण असेल, अर्ज किंवा पत्र, तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, माईकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा, माईकची परवानगी मागेल ती द्या. दुसऱ्या टॅबवर गेलात की ऐकणं थांबतं, मग माईक पुन्हा चालू करायचा. याला कंट्रोल-शिफ्ट-एस असा शॉर्टकट आहे पण तीन बटणं एकदम दाबणं सुजलेल्या बोटांना जमत नाही, म्हणून विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा, मग बटणं एकामागोमाग एक दाबली तरी चालतात.

स्क्रोल करणंसुद्धा दुखत असेल तर अँड्रॉइडसाठी गुगलचं व्हॉइस ॲक्सेस ॲप आहे. त्याला "स्क्रोल डाऊन", "गो बॅक" असं इंग्रजीत सांगायचं. "शो नंबर्स" म्हटलं की स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणावर आकडा येतो, हवा तो आकडा बोला. सुरुवातीला वेळ लागतो, पण ज्यांचा हात अगदीच उचलत नाही त्यांना याचा खरा आधार वाटेल.

पासवर्ड, पिन आणि ओटीपी कधीच बोलून टाकू नका, तेवढे चार-सहा आकडे हातानेच.

आणि घशाला जपा. दहा-पंधरा मिनिटं बोललात की थांबा, पाणी प्या. रुमॅटॉइडमध्ये कधीकधी स्वरयंत्राच्या बारीक सांध्यालाही सूज येते, त्यामुळे आवाज बरेच दिवस बसलेला राहिला तर "फोनवर जास्त बोलले म्हणून असेल" असं समजून सोडून देऊ नका, तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना सांगा.