काट्याविना डुकराचे वजन

घरापुरती दोन-तीन डुकरे पाळणाऱ्याकडे मोठा वजनकाटा नसतो, त्यामुळे गोव्यात नाताळाच्या तोंडावर दारात आलेला खरेदीदार नजरेने सांगेल तेच वजन बहुधा मान्य करावे लागते. शिंप्याकडची मापाची टेप असली, तर हा अंदाज आपला आपल्याला काढता येतो.

सकाळचे खाणे देण्यापूर्वी मूठभर कोंडा समोर टाकावा, म्हणजे डुक्कर स्थिर उभे राहते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीभोवती टेप घट्ट, पण कातडीत न रुतेल अशी गुंडाळून घेर मोजावा. नंतर दोन कानांच्या मधोमध टेपेचे टोक धरून पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यावी; डुकराने मान वर केली की लांबी कमी भरते, म्हणून ही मापे दोनदा घेतलेली बरी. घेराला घेरानेच गुणून त्यास लांबीने गुणावे आणि १४,४०० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असतील, तर उत्तर किलोत येते. घेर ९० आणि लांबी ८५ असल्यास वजन सुमारे ४८ किलो भरते. दर पंधरा दिवसांनी आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिला, तर कोणते पिल्लू मागे पडते आहे तेही लगेच कळते.

गाभण मादीला हा हिशेब लावू नये. अगदी लहान पिल्लू मात्र गोणीत घालून साध्या ताणकाट्यालाच टांगावे.